आईने घातलेलं गाऱ्हाणं

आप्पा जेवायला बसले की त्यांचा उजवा पाय कायम पाटाबाहेर असे. गुडघा वर, तळवा जमिनीवर. बाहेरून कोणी हाक मारली तर उठायला सोपं जावं म्हणून. माझे वडील आमदार होते आणि ज्यात बाहेरून हाक आली नाही असं एकही जेवण मला आठवत नाही. आई भातावर कुळथाची पिठी वाढायची, बाजूला भाजलेला सुका बांगडा ठेवायची आणि दुसरा घास तोंडात जातो न जातो तोच खळ्यातून कोणीतरी खाकरायचं. आमच्याकडचा माणूस अंगणात आला तरी थेट हाक मारत नाही, आधी खाकरतो. मग थोडं थांबून, आपण घाईत नाही असं दाखवत म्हणतो, "साहेब हायत काय घरात?" की आप्पा उठलेच. हात धुवायचे सुद्धा नाहीत, डाव्या हाताने धोतराचा सोगा सावरत उष्ट्या हातानेच पडवीत जायचे आणि तिथेच पुढच्या माणसाची तक्रार ऐकायचे. इकडे पिठीवर साय धरायची. आई ती साय बघत बसायची.

आमचं घर देवरुखपासून आत, चढणीच्या रस्त्याला. आप्पा आधी शाळेत मास्तर होते. वाड्यावाड्यांतून अर्ज लिहून देता देता लोकांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं. मास्तरांचे साहेब झाले. खळ्याच्या कडेला चिऱ्यांचा एक कट्टा होता, त्यावर पूर्वी आई पापड वाळत घालायची. आप्पा आमदार झाल्यापासून त्या कट्ट्यावर माणसं वाळत बसायला लागली. कोणाला ओढ्यावर साकव हवा, कोणाच्या मुलाला एसटीत चिकटवायचा, कोणाच्या शाळेचं छप्पर उडालेलं, कोणाचा भावाशी बांधावरून वाद. त्या सगळ्यांना चहा. चुलीवरचं आधण खाली उतरलेलं मी पाहिलं नाही. भल्या सकाळपासून कपबशांचा खळखळाट, वहाणांची फरफर, टेलिफोनची घंटा आणि तो उचलण्यासाठी आप्पांची धावपळ. त्या घरात निवांत बसणं म्हणजे गुन्हाच होता जणू. अजूनही कुठे शांत बसले की मला वाटतं, काहीतरी राहिलंय आपलं. डॉक्टर म्हणतात रक्तदाब. कसला रक्तदाब! आमदाराचं घर आहे ते, माझ्या अंगातून गेलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला आमदाराची मुलगी असणं आवडायचं. एसटीचा कंडक्टर मला नावाने ओळखायचा. शाळेच्या झेंडावंदनाला मी पहिल्या रांगेत. आईला मात्र यातलं काहीच नको होतं. तिची एकच मागणी असायची, तीही पुटपुटत: "माणूस घरात असावा, बस." मी मनात म्हणायचे, ही बाई अगदीच अशी कशी! नवरा विधानसभेत बोलतो, पेपरात नाव येतं आणि हिला तो घरात हवाय.

आप्पांची जीप इस्माईलचाचा चालवायचे. ते जयगडकडच्या खाडीकाठचे, तरुणपणी बोटीवर काम केलेले, बोलायला मोजकेच. आईला भाभी म्हणायचे आणि घरी जाऊन आले की तिच्यासाठी न विसरता सुक्या कोळंबीचे सोडे आणायचे. खालच्या वळणावर त्यांनी गिअर बदलला की तो आवाज आई स्वयंपाकघरात ओळखायची आणि चहात साखर टाकायची. साखर विरघळेपर्यंत जीप खळ्यात.

त्या वर्षी थंडी सरता सरता आप्पांना रत्नागिरीत काही बैठक होती. मी हट्ट धरला की मला समुद्र दाखवा. हसू नका, समुद्र आमच्याच जिल्ह्यातला, पण आम्ही डोंगरातले. मी तो तोपर्यंत एकदाच, तोही एसटीच्या खिडकीतून बघितला होता. आप्पांनी चक्क कबूल केलं आणि आईलाही चल म्हणाले. बैठक आटोपून आम्ही आरे-वारेला गेलो. आई चप्पल हातात घेऊन पाण्यात उभी राहिली. मी तिला तशी हसताना फार कमी वेळा पाहिलंय. आप्पा काही पाण्यात आले नाहीत. वाळूवर त्यांना कोणीतरी ओळखलं होतं आणि रस्त्याची चर्चा सुरू झाली होती. बोलता बोलता ते एकदम खाली बसले. मला वाटलं, वाळूत काही दाखवायला बसले. आई मात्र पाण्यातून धावत सुटली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मला ते अजून दिसतं. आप्पांचा चेहरा राखेसारखा, सदरा घामाने चिकटलेला, हात छातीवर. इस्माईलचाचांनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं आणि रत्नागिरीला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयाचं दुखणं आहे. फिरणं बंद, चढ बंद, आरडाओरडा बंद. वर्षभर घरी बसा, नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे आणायची गरजही पडणार नाही. आप्पांनी मान डोलावली. परत येताना घाटाच्या पायथ्याशी जीप थांबवायला लावली आणि आम्हा तिघांना म्हणाले, "हे कोणाला कळता कामा नये. निवडणूक तोंडावर आलीय. पक्षाला कळलं तर तिकीट गेलं." आई म्हणाली, "गेलं तर गेलं." आप्पा म्हणाले, "शपथ घे." आईने शपथ घेतली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. मी घेतली. चाचांनी नुसता गिअर टाकला. पण त्या दिवसापासून त्यांची जीप दर चढाला गरम व्हायला लागली. "साहेब, गाडी तापली, जरा बसूया सावलीत," असं म्हणून ते बॉनेट उघडून उगाच आत बघत राहायचे. आप्पा वैतागायचे, ही जीप बदला म्हणायचे. जीप ठणठणीत होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अर्थसंकल्पाचं अधिवेशन आणि शिमगा एकाच सुमाराला येतात, ही कोकणातल्या प्रत्येक आमदाराची पंचाईत. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. मुंबईतले चाकरमानी सुद्धा हापिसातल्या साहेबाच्या नाकावर टिच्चून रजा काढून येतात आणि आपल्या खळ्यात पालखीची वाट बघत उभे राहतात. आप्पा दरवर्षी त्या एका दिवसापुरते मुंबईहून यायचे. त्या वर्षी सरकार डळमळत होतं आणि पक्षाने बजावलं होतं की सभागृहात मतदान होईपर्यंत कोणीही मुंबई सोडायची नाही. आप्पांनी फोनवर सांगितलं, "पालखी तुम्ही दोघी घ्या. नारळ मोठा ठेवा. गाऱ्हाण्यात काय सांगायचं ते तात्यांना ठाऊक आहे."

तात्या म्हणजे तात्या गावकर. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. पालखी खळ्यात टेकली, घरच्या बाईने देवीची ओटी भरली की तात्या पुढे होत आणि घरच्या माणसाला विचारत, काय सांगू? घरचा सांगेल ते मागणं तात्या देवीला मोठ्याने ऐकवत आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा!" यात तात्यांचा एक नेम होता. घरच्याने सांगितलं ते जसंच्या तसं देवीपुढे जाणार. त्यात पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्याने सुनेची कागाळी सांगितली तर तीही तात्यांनी तशीच देवीला ऐकवली होती आणि गाव व्हय म्हाराजा म्हणाला होता. सून तिथेच उभी!

तर पालखी आली. मी आणि आईने खळं सारवून घेतलं होतं, रांगोळी घातली होती. ढोल एवढे वाजत होते की पडवीतली कंदिलाची काच थरथरत होती. पोरांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली, गुलाल उडाला, पालखी टेकली. आईने ओटी भरली. ढोल थांबले. तात्या पुढे आले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "वयनी, काय सांगू?" उत्तर त्यांना ठाऊक होतं. तोंडात 'साहेबांना यश दे' तयारच होतं त्यांच्या.

आई म्हणाली, "सांगा, ह्या खेपेला ह्यांना निवडून आणू नको."

तात्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालाव?"

"ह्यांना ह्या निवडणुकीत पाड, म्हणावं देवीला." यावेळी ती मोठ्याने बोलली. आईला मी बाहेरच्या माणसांत इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तात्यांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा पालखीकडे. पण नेम तो नेम. त्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "हे आई वाघजाई, आज हितं ह्या घरी तुजी पालखी नाचत आली, ह्या लेकरांनी तुजी काय वेडीवाकडी सेवा केली ती मानून घे गे आई..." "व्हय म्हाराजा!" "ह्या घरच्यांची इडापिडा टाळ..." "व्हय म्हाराजा!" "आनि ह्या घरचा जो धनी हाय, त्याला ह्या निवडणुकीत पाड गे आई..."

"व्हय म्हाराजा!"

अख्खा गाव. खणखणीत. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, मग डोक्यात शिरलं. ढोलवाल्याची काठी वरच्या वर राहिली. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि कोणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पालखी उचलली, पुढच्या घरी गेली, पण नाचवायचं कोणाला सुचलं नाही. शेजारच्या काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "बाय, तुज्या आयशीला बरं नाय काय?" मी काय सांगणार, कपाळ! कारण मला ठाऊक होतं आणि मी शपथ घेऊन बसले होते. मला आईचा इतका राग आला की मी तिने केलेल्या पुरणपोळीला हात लावला नाही. ती मात्र जेवली. पोटभर जेवली.

बातमीला पाय फुटले. देवरुखच्या बाजारात विरोधी पक्षाच्या लोकांनी म्हणे पेढे वाटले. आप्पा मतदान आटोपून आले ते जीप पुरती थांबायच्या आधीच उतरले. घरात आले, आईकडे बघितलं आणि तसेच बाहेर वळले. पडवीत येरझारा सुरू झाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग गावकरी आले, तात्या पुढे, बाकीचे त्यांच्या आडोशाला. कट्ट्यावर कोणी बसेना.

"साहेब," तात्या म्हणाले, "आमी देवीसमोर व्हय बोल्लाव. आता तुमच्यावर शिक्का कसा मारायचा?"

आप्पांना आधी कळेचना. मग ते उसळले. "अहो तात्या, ते सवयीने निघालं तुमच्या तोंडून!"

"देवीला काय सांगू? सवयीनं बोल्लाव?"

आप्पा विधानसभेत मंत्र्यांना निरुत्तर करायचे म्हणे. तात्यांपुढे नुसता चष्मा पुसत राहिले. त्यांचा स्वतःचा तरी कुठे धीर होता? देवीला नारळ फोडल्याशिवाय त्यांनी कधी प्रचाराला पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी तात्यांनीच वाट सांगितली. पालखी अजून सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या ओट्यावर आहे, ती देवळात परत जायच्या आधी ज्याने मागणं सांगितलं त्यानेच ते फिरवायचं. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही.

तेव्हा आप्पा स्वयंपाकघरात आले. ही आमच्या घरात नवलाची गोष्ट होती. आई हाताला तेल चोळून कोवळा फणस चिरत होती. आप्पांनी आधी एका पातेल्यावरचं झाकण उचललं, ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. मग म्हणाले, "अगं, ते फिरवायला हवं."

"फिरवते की," आई म्हणाली.

आप्पा मोठं भाषण तयार करून आले होते, ते तसंच राहिलं. "फिरवतेस?"

"फिरवते. गावाला पेचात कशाला ठेवू? पण आधी जेवा. दोन्ही पाय पाटावर घेऊन."

आप्पा जेवले. मांडी घालून. मी वाढलं. बाहेर कोणीतरी खाकरलं तेव्हा त्यांचा उजवा गुडघा हलला, पण आईने नुसतं बघितलं आणि तो परत खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव सहाणेवर. आप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, लोकांना हसून नमस्कार करत. इस्माईलचाचा जीपला टेकून लांब उभे. तात्यांनी विचारलं, "वयनी, काय सांगू?" आई म्हणाली, "पहिलं मागणं मी माघारी घेतलं म्हणून सांगा." तात्यांनी सांगितलं आणि गाव असा काही ओरडला की चिंचेवरचे कावळे उडाले. आप्पांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. ते खाली उतरायला वळले सुद्धा.

"अजून एक आहे," आई म्हणाली. "ह्यांच्या छातीत दुखणं आहे. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलंय, हे बसत नाहीत. निवडून आण नाहीतर पाड, आई, तुला काय करायचं ते कर. ह्यांना आयुष्य दे, एवढंच."

आप्पांचा रुमाल हातातच राहिला. तात्यांनी पालखीकडे बघून तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द जसेच्या तसे म्हणायचे होते आणि म्हाताऱ्याला म्हणवेनात. कसेबसे म्हणाले. यावेळी गाव लगेच ओरडला नाही. आधी सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. मग एकेक करत, बायका सुद्धा, मग सगळेच. व्हय म्हाराजा. माझ्या तोंडून कधी निघालं मलाच कळलं नाही, रडू मात्र कळलं.

घरी येताना आप्पा जीपमध्ये पुढे बसले आणि मागे वळून बघितलं नाही. आईशी बोलणं टाकलं ते निवडणूक होईपर्यंत. तिकीट गेलं नाही. पक्षाकडे दुसरा माणूसच नव्हता. पण प्रचाराचा पार विचका झाला. आप्पा कुठल्या वाडीच्या पायथ्याशी उतरले की वरची माणसं धावत खाली यायची. "साहेब, तुमी चढू नका, आमीच येतंव." आंब्याखाली खुर्ची टाकायचे, पाणी द्यायचे, काढा द्यायचे, पन्हं द्यायचे. आप्पा भाषणाला उभे राहिले की चार म्हाताऱ्या ओरडायच्या, "बसून बोला ओ!" बसून कधी भाषण होतं का? ते चिडायचे, ओरडायला जायचे आणि ओरडू नका म्हणून अजून दहा जण यायचे. एका वाडीत तर त्यांना मत मागूच दिलं नाही. तिथली एक बाई म्हणाली, "मत दिलं तर तुमाला परत त्या गाडीत बसवल्याचं पाप आमच्या माथी." विरोधी उमेदवार सुद्धा भाषणात त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा. आप्पा पडले. आमच्या गावात सुद्धा पडले. आणि निकालाच्या संध्याकाळी गाव आमच्या खळ्यात गुलालाशिवाय, खाली मान घालून, आंब्याच्या पाट्या घेऊन आला. आप्पांनी पाट्या आत घेतल्या.

आई जिंकली, असं कोणालाही वाटेल. माणूस घरात आला. पण तो घरात आला म्हणजे काय आला? रोज सकाळी आप्पा अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालायचे आणि पडवीत खुर्ची टाकून बसायचे. कट्टा रिकामा. लोकांनी एकमेकांना बजावलं होतं, साहेबांना त्रास देऊ नका. टेलिफोन वाजला तरी तो शेजारच्यांच्या मुंबईच्या मुलाचा. आप्पा उठायचे, खळ्याच्या टोकापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत यायचे. खालच्या वळणावर कोणत्याही गाडीने गिअर बदलला की त्यांची मान वळायची. जेवताना उजवा पाय पुन्हा पाटाबाहेर. कोणी बोलावणार नव्हतं, तरी. आई हे बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. एकदा मला म्हणाली, "सुमे, मी मागताना चुकले का गं?" मी तेव्हा तिला फाडकन बोलले, की तूच केलंस हे. आज माझा नवरा निवृत्त होऊन घरात येरझारा घालतो, तेव्हा मी काय करते? टीव्ही लावून देते. आईला टीव्ही नव्हता.

पावसाळा संपून भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. आप्पा नेहमीसारखे पडवीत बसलेले. मी आत दाराशी तांदूळ निवडत होते. आईने चूल आवरली, हात पुसले, धुतलेलं लुगडं नेसली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मला वाटलं, विहिरीवर गेली. थोड्या वेळाने खळ्यातून कोणीतरी खाकरलं. आप्पा ताडकन उठले.

कट्ट्यावर आई बसली होती. डोक्यावरून पदर, हात मांडीवर, अगदी लांबच्या वाडीवरून आलेल्या बाईसारखी. ती आप्पांकडे न बघता म्हणाली, "साहेब हायत काय घरात? माझं एक काम होतं."

आप्पा पडवीच्या पायरीवर उभे. मला वाटलं, आता हे हसतील. मग वाटलं, आता ओरडतील, चेष्टा मांडलीय म्हणतील. त्यांचा ओठ हलला. ते खाली उतरले, चष्मा नाकावर चढवला आणि साहेबांच्या आवाजात विचारलं, "काय काम?"

"विहिरीचा रहाट मोडलाय. घरात सांगून सांगून थकले. घरात कोणी ऐकत नाही."

"अर्ज आणलाय?"

"नाही. मला लिहिता येतं, पण तुम्हीच लिहा."

आप्पांनी मला हाक मारून कागद मागवला आणि खिशातलं पेन काढलं. आणि मग, इतक्या वर्षांत कोणाच्या कामासाठी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते कट्ट्यावर आईच्या शेजारी बसले. चपला बाजूला काढल्या, दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली, कागद मांडीवर ठेवला आणि सवयीने भराभर लिहायला लागले.

आई म्हणाली, "सावकाश लिहा. मला काही घाई नाही."